पेला कोणी उचलायचा?

१९९१च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांपुढे एक प्रश्न आला. आजार बरा होणार नाही, हातात सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य नाही, अशा रुग्णाने मागितलं तर डॉक्टरने त्याला मरायला मदत करावी का? आधीच्या जनमत चाचण्यांत लोक ‘हो’ म्हणत होते. मतं मोजली तेव्हा ५४ टक्के ‘नाही’ निघाली. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने जवळपास हाच प्रश्न विचारला आणि उत्तरही तेच आलं, टक्केवारीसकट.

हरलेल्या दोन्ही मसुद्यांत एक मुभा होती. डॉक्टरने जीव घेणारं औषध लिहून दिलं तरी चालणार होतं आणि रुग्णाच्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने टोचलं तरी चालणार होतं. विरोधकांना तेवढं पुरलं. मरणाच्या हक्कावर तात्त्विक वाद घालत बसण्यापेक्षा सुई घेऊन उभा असलेला डॉक्टर दाखवणं सोपं होतं. चाचणीत ‘हो’ म्हणणारा मतदार ती सुई पाहून बिचकला.

या दोन राज्यांच्या मधोमध ऑरेगन आहे. तिथल्या काही मंडळींनी हे दोन्ही पराभव बारकाईने पाहिले आणि तिसऱ्या मसुद्यातून सुई काढून टाकली. पुढच्या तीस वर्षांत जे घडलं, त्यातलं बरंचसं या एका वजाबाकीतून निघालं, असं मला वाटतं. ऑरेगनचा कायदा जिंकला तो तिच्यामुळे आणि आजवर अडखळत आला तोही तिच्यामुळेच.

ऑरेगनच का, याचं एक कारण तिथल्या राज्यघटनेत आहे. पुरेशा सह्या गोळा केल्या तर सामान्य नागरिक विधिमंडळाला वळसा घालून कायद्याचा मसुदा थेट मतदारांपुढे नेऊ शकतात. १९०२पासून ही सोय आहे आणि ऑरेगनकर ती मनसोक्त वापरतात. तिथल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला तोही याच रस्त्याने. पाच वेळा हरून सहाव्या खेपेला, १९१२मध्ये. शिवाय चर्चला नियमाने जाणाऱ्यांचं प्रमाण इथे बाकीच्या अमेरिकेपेक्षा कमी. ‘आमच्या घरात सरकारने आणि पाद्र्याने डोकावू नये’ हा इथला जुना स्वभाव.

दुसरं कारण सगळ्या देशाचंच होतं. १९७५मध्ये न्यू जर्सीतली एक एकवीस वर्षांची मुलगी बेशुद्ध झाली ती परत शुद्धीवर आलीच नाही. कृत्रिम श्वासाचं यंत्र काढा, असं तिच्या आईवडिलांनी सांगितलं. डॉक्टरांनी नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९७६मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. यंत्र काढलं आणि सगळ्यांचा अंदाज चुकवत ती मुलगी आणखी नऊ वर्षं जगली. १९७६मध्येच कॅलिफोर्नियाने असा कायदा केला की, ‘अखेरच्या अवस्थेत मला यंत्रांवर ठेवू नका’ असं माणसाला आधीच लिहून ठेवता यावं. १९९०पर्यंत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही नको असलेला उपचार नाकारण्याचा हक्क मान्य करून टाकला होता.

म्हणजे प्रश्नाचा एक अर्धा भाग सुटला होता: उपचार थांबवण्याचा. आपल्याकडेही हा अर्धा भाग त्याच सुमारास चर्चेला आला आणि आला तो मुंबईतून. मिनू मसानी यांनी १९८१मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८५मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्र विधिमंडळात खासगी विधेयक मांडलं. असाध्य रुग्णाचे जीव टिकवणारे उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरला कायद्याचं संरक्षण मिळावं, अशी त्याची मागणी होती. ते मंजूर झालं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा अरुणा शानबाग प्रकरणातला २०११चा निकाल आणि त्याच्याच घटनापीठाचा २०१८चा निकाल हे दोन्ही उपचार थांबवण्याच्या याच वाटेवरचे. औषध देऊन मरण आणणं भारतात आजही गुन्हा आहे. विनोबांनी १९८२मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं, तो प्रसंग मराठी माणसाला इथे हमखास आठवतो. पण तोही शेवटी नकारच होता. तिथे कोणाला काही द्यावं लागलं नव्हतं.

दुसरा अर्धा भाग त्यांचा, ज्यांच्या अंगाला बंद करण्यासारखं यंत्रच लावलेलं नाही. कर्करोग हाडांत पसरलेला माणूस घरच्या पलंगावर असतो, श्वास स्वतःचा स्वतः घेत असतो. त्याने कशाला नकार द्यायचा? ब्रिटिश पत्रकार डेरेक हम्फ्री यांची पत्नी १९७५मध्ये कर्करोगाने जर्जर झाली होती. तिच्या मृत्यूला आपण मदत केली, हे त्यांनी तीन वर्षांनी पुस्तक लिहून जाहीर केलं. पुढे अमेरिकेत येऊन १९८०मध्ये त्यांनी ‘हेमलॉक सोसायटी’ काढली. नाव सॉक्रेटिसच्या विषाच्या पेल्यावरून. १९८८मध्ये या संस्थेचं बिऱ्हाड ऑरेगनमधल्या युजीन शहरात आलं.

१९९०च्या जूनमध्ये पोर्टलंड शहरातली एक ५४ वर्षांची शिक्षिका विमानाने दूर मिशिगनला गेली. तिला अल्झायमर झाल्याचं निदान झालं होतं. तिथे जॅक केव्हॉर्कियन नावाच्या पॅथॉलॉजिस्टने आपल्या जुन्या व्हॅनमध्ये घरगुती यंत्र उभं केलं होतं. त्याचं बटण तिने स्वतः दाबलं आणि ती गेली. ही बातमी जगभर झाली, पण पोर्टलंडमध्ये ती घरची बातमी होती. आपल्या गावातल्या बाईला मरायला परराज्यातल्या व्हॅनपर्यंत जावं लागतं, ही बोच तिथे राहिली.

केव्हॉर्कियनची कथा इथेच पूर्ण करतो, कारण या लेखाचा मुद्दा तिच्याइतका उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यावर पुन्हा पुन्हा खटले भरले गेले. जोवर शेवटची कृती रुग्णाच्या हातची होती, तोवर एकाही ज्यूरीने त्यांना दोषी धरलं नाही. मग १९९८मध्ये स्नायू निकामी करणाऱ्या ‘एएलएस’ या आजाराच्या एका रुग्णाला त्यांनी स्वतः इंजेक्शन दिलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि ते टीव्हीवर दाखवायला दिलं. या वेळी ज्यूरीने खुनाचा ठपका ठेवला आणि डॉक्टर आठ वर्षं तुरुंगात राहिले. रुग्णाचा आजार असाध्य, त्याची संमती स्पष्ट, डॉक्टर तोच. बदलला होता फक्त हात.

ऑरेगनच्या विधिमंडळात हा विषय आणला सिनेटर फ्रँक रॉबर्ट्स यांनी. ते स्वतः कर्करोगाने आजारी होते आणि त्यांच्या पत्नी बार्बरा रॉबर्ट्स राज्याच्या गव्हर्नर होत्या. तरीही त्यांचं विधेयक समितीतून बाहेर पडलं नाही. ऑक्टोबर १९९३मध्ये रॉबर्ट्स वारले. त्याच वर्षी पोर्टलंडमध्ये ‘ऑरेगन राइट टू डाय’ नावाची समिती कामाला लागली होती. तिच्यात बार्बरा कूम्ब्स ली होत्या, बरीच वर्षं रुग्णसेवेत घालवून नंतर वकील झालेल्या. पीटर गुडविन होते, कुटुंबांचे डॉक्टर, लहानपण दक्षिण आफ्रिकेत गेलेले. मसुद्याची कायदेशीर शिलाई करणारे वकील एली स्टट्समन होते.

या मंडळींनी ठरवलं की डॉक्टर फक्त चिठ्ठी लिहील. औषध फार्मसीतून येईल आणि ते घ्यायचं की नाही, कधी घ्यायचं, हे रुग्ण ठरवेल. इंजेक्शनला बंदी मसुद्यातच घातली. मग एकावर एक अटी रचल्या. रुग्ण सज्ञान आणि ऑरेगनचा रहिवासी हवा. सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असं दोन डॉक्टरांचं मत हवं. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा तोंडी मागणी, एकदा लेखी, दोन साक्षीदारांसमोर. निदान एक साक्षीदार असा, जो नात्यातला नाही आणि ज्याला वारसाहक्काने काही मिळणार नाही. नैराश्याने निर्णयशक्ती ढळली असल्याची शंका आली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं सक्तीचं. वेदनाशमनाचे आणि हॉस्पिसचे, म्हणजे अखेरच्या अवस्थेतल्या शुश्रूषेचे, पर्याय समजावून सांगणं सक्तीचं. कोणत्याही क्षणी मन बदलायची मोकळीक, आणि डॉक्टरलाही नाही म्हणण्याची.

हम्फ्रींना हे पटलं नाही. त्यांचा आक्षेप व्यवहाराचा होता. तोंडाने घेतलेलं औषध हमखास लागू पडेलच असं नाही, उलटी होते, कधी तासन् तास लागतात, आणि ज्याला गिळताच येत नाही त्याचं काय? इंजेक्शनची सोय नसलेला कायदा अर्धवट आहे, असं त्यांनी निवडणुकीनंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पत्र लिहून सांगितलं. चळवळीच्या जनकानेच चळवळीच्या पहिल्या यशात खोट काढावी, याने कार्यकर्ते खट्टू झाले असणार. पण ते खोटं बोलत नव्हते.

प्रचारातही ती सुई गुपचूप परत येत राहिली. समर्थकांच्या एका टीव्ही जाहिरातीत बेंड गावच्या एका नर्सने आपल्या कर्करोगग्रस्त मुलीची गोष्ट सांगितली: मुलीला गोळ्या मिळवून दिल्या आणि ती शांतपणे गेली. दोन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या प्रचारात याच बाईंनी इंजेक्शनचा उल्लेख केला होता, हे विरोधकांनी शोधून काढलं. गोळ्यांवर उभ्या असलेल्या मोहिमेला हा फटका नेमक्या जागी बसला. विरोधात कॅथलिक चर्च होतं, देशपातळीवरची अमेरिकन मेडिकल असोसिएशन होती आणि त्यांच्याकडे पैसाही जास्त होता. मात्र राज्यातली वैद्यक संघटना तटस्थ राहिली. डॉ. गुडविन यांनी आपल्या व्यवसायबंधूंपुढे उभं राहून बाजू मांडली, त्याचा यात मोठा वाटा होता. पांढऱ्या कोटातले सगळेच विरोधात आहेत, असं मग कोणाला म्हणता येईना.

८ नोव्हेंबर १९९४ला हा मसुदा ‘मेझर १६’ या नावाने मतदारांपुढे गेला आणि मंजूर झाला. बाजूने ५१.३ टक्के, सुमारे ३२,००० मतांची आघाडी. मरू घातलेल्या रुग्णाला डॉक्टरने असं औषध लिहून द्यावं, हे मतदारांनी कायद्यात बसवल्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ.

पण कायदा लागू व्हायच्या आदल्याच दिवशी युजीनच्या फेडरल न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. न्यायाधीश मायकेल होगन यांनी १९९५मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. आत्महत्येच्या विचारात असलेल्या इतर नागरिकांना राज्य थांबवतं, वाचवतं. असाध्य रुग्णांना मात्र या कायद्याने ते संरक्षण उरत नाही, ही समानतेच्या तत्त्वाची पायमल्ली आहे, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो अगदीच फेकून देण्यासारखा वाटत नाही. अपंगांच्या संघटनाही पुढे हेच वेगळ्या शब्दांत बोलू लागल्या: धडधाकट माणसाने मरण मागितलं की समाज धावून जातो, आजारी माणसाने मागितलं की ‘साहजिक आहे’ म्हणतो. पण वरच्या न्यायालयाने त्या युक्तिवादाच्या खोलात न जाता १९९७मध्ये निकाल रद्द केला. ज्यांनी दावा लावला त्यांचं या कायद्याने प्रत्यक्ष काही बिघडतच नाही, तेव्हा त्यांना दाव्याचा अधिकार नाही, एवढ्याच कारणावर.

त्याच वर्षी जूनमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क राज्यांतल्या दोन खटल्यांचा निकाल दिला. डॉक्टरच्या मदतीने मरण्याचा हक्क राज्यघटनेत आहे का? नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटलं. मात्र सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी निकालाच्या शेवटी हेही नोंदवलं की देशात या प्रश्नावर गंभीर चर्चा चालू आहे आणि ती तशी चालू राहू शकते. घटनेने हक्क दिला नाही, पण राज्यांचे हातही बांधले नाहीत.

ऑरेगनचं विधिमंडळ मात्र अस्वस्थ होतं. त्याने १९९७मध्ये हाच कायदा रद्द करावा का, असं पुन्हा मतदारांना विचारायचं ठरवलं. ‘मेझर ५१’ या कायदा रद्द करण्याच्या प्रस्तावाच्या बाजूने या वेळी ओतलेला पैसा समर्थकांच्या कितीतरी पट होता. राज्यातली वैद्यक संघटनाही आता कायद्याच्या विरोधात आली होती. प्रचाराचा मुख्य मुद्दा कोणता? गोळ्या हमखास लागू पडत नाहीत. म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा हम्फ्रींचा आक्षेप, विरोधकांच्या तोंडी. सुई होती म्हणून शेजारची दोन राज्यं हरली, आणि सुई नाही म्हणून आता ऑरेगनने हरावं असा आग्रह.

मतदारांना वेगळ्याच गोष्टीचा राग आला होता. ‘एकदा सांगितलं ना?’ हा सूर जागोजागी होता. इच्छामरणाबद्दल मनात शंका असलेल्यांनाही विधिमंडळाने आपलं मत परत तपासायला पाठवणं रुचलं नाही. ४ नोव्हेंबर १९९७ला ६० टक्के लोकांनी कायदा रद्द करायला नकार दिला. तीन वर्षांपूर्वीची निसटती आघाडी कायद्याच्या शत्रूंनीच भक्कम करून दिली.

मार्च १९९८मध्ये पोर्टलंडमधली ऐंशी ओलांडलेली, स्तनाच्या कर्करोगाने आजारी बाई या कायद्याखाली औषध घेऊन गेली. मृत्यूपूर्वी तिने ध्वनिमुद्रित केलेलं निवेदन पत्रकारांना ऐकवण्यात आलं. तिच्या डॉक्टरांनी, पीटर रीगन यांनी, पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये तिच्याविषयी नाव बदलून लिहिलं. पहिल्या पूर्ण वर्षाचा सरकारी अहवाल आला तेव्हा त्यात २३ जणांना चिठ्ठी मिळाल्याची नोंद होती. त्यातले १५ औषध घेऊन गेले, सहा आपल्या आजाराने गेले, दोघे हयात होते. मरायला रांगा लागतील, देशभरातून माणसं येतील, गरिबांना ढकललं जाईल, असं भाकीत केलेल्यांना हा आकडा कसा हाताळावा ते कळेना.

अहवालांतून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती समर्थकांनाही अपेक्षित नव्हती. प्रचार सगळा असह्य वेदनांभोवती झाला होता. प्रत्यक्षात दहातले नऊ रुग्ण डॉक्टरांना वेगळंच कारण सांगत होते: आता माझ्या हातात काही उरलं नाही. वेदना, किंवा पुढे वेदना होतील ही भीती, सांगणारे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ही माणसं बहुतेक शिकलेली, विमा असलेली आणि हॉस्पिसची सेवा घेत असलेली होती. आयुष्यभर स्वतःचे निर्णय स्वतः घेतलेल्यांना शेवटचाही आपणच घ्यायचा होता. त्यातही चिठ्ठी मिळवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी ते औषध कधी घेतलंच नाही. कपाटात आहे, एवढं पुरलं असावं.

इकडे वॉशिंग्टन शहरात, म्हणजे देशाच्या राजधानीत, लढाईला वेगळं वळण लागलं. चिठ्ठीवर लिहिलं जाणारं औषध बार्बिट्युरेट गटातलं होतं आणि त्या औषधांवर केंद्र सरकारचं अमली पदार्थ नियंत्रण चालतं. डॉक्टरने टोचलं असतं काय किंवा लिहून दिलं काय, औषधाचा परवाना केंद्राकडेच. विरोधकांनी तोच धागा ओढला. मरणासाठी औषध लिहिणं हा ‘वैध वैद्यकीय हेतू’ नाही, तेव्हा अशा डॉक्टरचा परवाना काढून घ्यावा. क्लिंटन यांच्या काळात ॲटर्नी जनरल जॅनेट रीनो यांनी हे मान्य केलं नाही. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, कायदा करायचे प्रयत्न झाले. १९९९मध्ये कनिष्ठ सभागृहाने एक विधेयक मंजूरही केलं, पण सिनेटमध्ये ते ऑरेगनच्या रॉन वायडन यांनी अडवून धरलं. या माणसाने ऑरेगनमध्ये दोन्ही वेळा कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. पण राज्यातल्या लोकांनी दोनदा घेतलेला निर्णय केंद्राने मोडू नये, एवढ्यासाठी ते उभे राहिले. या साऱ्या इतिहासात मला सर्वात आदर वाटतो तो या भूमिकेचा.

मग बुश सरकार आलं. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा नोव्हेंबर २००१मध्ये ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी आदेश काढला: असं औषध लिहिणाऱ्या डॉक्टरवर कारवाई होईल. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन न्यायालयात गेलं. चार वर्षं तीन पायऱ्या चढून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १७ जानेवारी २००६ला सहा विरुद्ध तीन मतांनी ऑरेगन जिंकलं. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलं त्याचा आशय असा की अमली पदार्थांचा व्यापार रोखण्यासाठी केलेल्या कायद्याच्या आधारे राज्यातल्या वैद्यकीय व्यवसायाची व्याख्या ॲटर्नी जनरलने एकट्याने ठरवायची नसते. न्यायालयाने ऑरेगनचा कायदा चांगला की वाईट, याबद्दल चकार शब्द काढला नाही.

या धुमश्चक्रीत काही शांत बदलही झाले. ‘आमच्याकडे माणसं मरण मागतात, ती उपचार नीट मिळत नाहीत म्हणून तर नाही ना?’ हा प्रश्न ऑरेगनच्या डॉक्टरांना टोचत राहिला. वेदनाशमनाचं प्रशिक्षण वाढलं, हॉस्पिसकडे रुग्ण लवकर जाऊ लागले. १९९९मध्ये राज्याच्या वैद्यक मंडळाने एका डॉक्टरवर रुग्णांना पुरेशी वेदनाशामकं न दिल्याबद्दल कारवाई केली. अमेरिकेत त्याआधी जास्त औषध दिल्याबद्दल शिक्षा व्हायची, कमी दिल्याबद्दल नाही. अंतिम उपचारांबाबत रुग्णाची इच्छा नोंदवणारा गुलाबी कागदही ऑरेगनमधूनच देशभर गेला.

पण दुसरी बाजूही होती. २००८मध्ये स्प्रिंगफील्ड गावच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्ण असलेल्या एका बाईंना राज्याच्या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेने पत्र पाठवलं. त्यांना हवं असलेलं महागडं औषध योजनेत बसत नाही, असं त्यात होतं. योजनेत काय बसतं, याच्या यादीत डॉक्टरच्या मदतीने येणारं मरणही होतं. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल, नियमाप्रमाणे मजकूर छापला असेल. पण विरोधक चौदा वर्षं जे सांगत होते, ते इतक्या थेट शब्दांत त्यांनाही लिहिता आलं नसतं. शेवटी औषध कंपनीनेच त्यांना ते फुकट दिलं.

आणि सुईचा प्रश्न? तो पहिल्या वर्षापासून दारात उभा होता. १९९९मध्ये एएलएसचा एक रुग्ण औषध घेताना अडखळला. हातात बळ नव्हतं, गिळवत नव्हतं. घरातल्या नातेवाइकाने मदत केली, त्यावर चौकशी बसली. गुन्हा दाखल झाला नाही. पण त्या निमित्ताने राज्याच्या कायदा खात्यातल्या वरिष्ठ वकिलाने लिहून दिलं की गिळू न शकणाऱ्यांवर या कायद्याने व्यवहारात अन्याय होतो. २००५मध्ये एक रुग्ण औषध घेऊन ६५ तासांनी जागा झाला आणि दोन आठवड्यांनी आपल्या कर्करोगाने गेला. पुढे औषधंच मिळेनाशी झाली. एका युरोपीय कंपनीने आपलं औषध अमेरिकेतल्या फाशीच्या कैद्यांना टोचलं जातं म्हणून विक्रीवर निर्बंध घातले, त्यात हे रुग्णही भरडले गेले. दुसऱ्या औषधाची किंमत २०१५मध्ये नव्या मालक कंपनीने तीन हजार डॉलरच्या आसपास नेली. मग डॉक्टरांनी आणि फार्मसिस्टांनी मिळून वेगवेगळी मिश्रणं करून पाहिली.

तरीही बाकीच्या राज्यांनी उचललं ते ऑरेगनचंच प्रारूप. २००८मध्ये वॉशिंग्टनने १९९१चा निकाल फिरवला, या वेळी इंजेक्शनविना, ५८ टक्क्यांनी. त्या प्रचाराचे म्होरके होते माजी गव्हर्नर बूथ गार्डनर. त्यांना पार्किन्सन होता आणि सहा महिन्यांच्या अटीमुळे त्यांना स्वतःला या कायद्याचा उपयोग होणार नव्हता. २०१३मध्ये व्हरमाँटच्या विधिमंडळाने मतदारांकडे न जाता कायदा केला. २०१४मध्ये मेंदूच्या कर्करोगाने आजारी असलेली २९ वर्षांची ब्रिटनी मेनार्ड कॅलिफोर्नियातून पोर्टलंडला राहायला आली, आपला निर्णय तिने जाहीरपणे सांगितला आणि १ नोव्हेंबरला ती गेली. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर जेरी ब्राउन तरुणपणी जेसुइट पाद्री व्हायला निघाले होते. कोलोरॅडो, हवाई, न्यू जर्सी, मेन, न्यू मेक्सिको मागोमाग आले. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ला हा प्रस्ताव जेमतेम फरकाने पडला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. डॉ. पीटर गुडविन यांना मेंदूचा दुर्मीळ आजार झाला आणि मार्च २०१२मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, आपण उभ्या केलेल्या कायद्याचा त्यांनी वापर केला.

ऑरेगनने मूळ अटींपैकी काही सैल केल्या. पंधरा दिवसांची वाट पाहताना अनेक रुग्ण आधीच जात होते, म्हणून २०२०पासून तेवढे दिवसही हाती नसलेल्यांना सूट मिळाली. रहिवासी असण्याची अट एका डॉक्टरच्या दाव्यानंतर २०२२मध्ये लागू करणं थांबलं आणि पुढच्या वर्षी कायद्यातूनच गेली. २०२३मध्ये राज्यात ५६० जणांना चिठ्ठी मिळाली, ३६७ जणांच्या मृत्यूची नोंद झाली. राज्यातल्या एकूण मृत्यूंच्या एक टक्काही नाही. त्याच वर्षी कॅनडात वैद्यकीय मदतीने १५,३४३ जण मरण पावले. तिथल्या एकूण मृत्यूंच्या हे ४.७ टक्के. कॅनडाच्या २०१६च्या कायद्यात डॉक्टरला टोचण्याची मुभा आहे आणि जवळजवळ सगळे रुग्ण तोच मार्ग निवडतात. तिथल्या आजाराच्या अटीही सैल आहेत, त्यामुळे सगळा फरक सुईचा म्हणता येणार नाही. पण मला बराचसा तिचाच वाटतो. आपला आपण पेला उचलायचा असेल तर माणूस आणखी एकदा थांबतो.

ज्यांचे हात उठतच नाहीत त्यांच्यासाठी मात्र हे थांबणं निवडीचं नाही. कॅलिफोर्नियातल्या अशाच आजारांच्या रुग्णांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये फेडरल न्यायालयात दाद मागितली. औषध घेताना शरीराने साथ दिली नाही तर डॉक्टरला हात लावू द्या, अपंगांच्या समान हक्कांचा कायदा तेच सांगतो, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने नकार दिला. तसं केलं तर हा कायदा मदतीचा राहणार नाही, दयामरणाचा होईल, आणि ती रेषा ओलांडायची असेल तर विधिमंडळाने ओलांडावी, असं न्यायाधीशांचं मत पडलं. तिथल्या विधिमंडळाने ती अजून ओलांडलेली नाही.